तस्करीतून सुटलेल्या माणसाचा खर्च कोण करतो? विदर्भातल्या गावांतून विचारले जाणारे प्रश्न

हे पान मुख्यतः पोलीस पाटील, आशाताई, अंगणवाडी सेविका, विधी स्वयंसेवक आणि ज्यांच्या घरचं माणूस अडकलंय त्या नातेवाइकांसाठी आहे. कायद्याची कलमं लागतील तिथंच दिली आहेत. ठाण्यात किंवा तहसीलमध्ये कलमाचा आकडा तोंडावर असला की समोरचा जरा सावरून बसतो, म्हणून.

आमच्याकडे लोक दरवर्षी कामाला बाहेर जातात. मग तस्करी कशाला म्हणायचं?

कामाला जाणं म्हणजे तस्करी नव्हे. गडचिरोली-चंद्रपुरातल्या बाया मिरची तोडायला तेलंगणात जातात. पुसद-उमरखेडकडच्या टोळ्या ऊसतोडीला जातात, मेळघाटातले कोरकू वीटभट्टीवर आणि बांधकामावर. मजुरी ठरल्याप्रमाणे मिळाली आणि परत यायची मोकळीक असली तर ते स्थलांतर झालं.

भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ तीन गोष्टी एकत्र बघतं. एक, माणसाला नेलं, ठेवलं किंवा दुसऱ्याच्या ताब्यात दिलं. दोन, त्यासाठी धमकी, बळजबरी, फसवणूक, आमिष किंवा पैशाची देवघेव झाली. तीन, हेतू शोषणाचा होता. शोषणात देहविक्रय येतो, तशी गुलामी, भीक मागायला लावणं आणि जबरदस्तीने अवयव काढून घेणंही येतं. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. त्याआधीच्या घटनेला जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ३७० लागतं.

साधी खूण सांगायची तर निघतो म्हटल्यावर निघता येतं का, ते बघा. मोबाइल काढून घेतलाय, आधार कार्ड ठेकेदाराकडे आहे, नवऱ्याला गावी सोडलं पण बायकोला तिथंच ठेवून घेतलं, अशा गोष्टी कानावर आल्या की पुढची चौकशी करायची.

पण ती तर खुशीने गेली होती. आता तक्रार कशी करणार?

करता येते. कलम १४३ मध्येच लिहिलंय की पीडिताच्या संमतीने गुन्हा ठरवताना फरक पडत नाही. "पोरगी खुशीनं गेली ना, आता कायले पोलिसात जाता, बदनामी होईन" हे वाक्य गावात हमखास ऐकू येतं, कधीकधी ठाण्यातही. कायद्यात त्याला काही आधार नाही.

पैसे घेऊन राजस्थान किंवा मध्य प्रदेशात लग्न लावून दिलं. लग्न तर झालंय, मग तस्करी कशी?

लग्नामुळे व्यवहार झाकला जात नाही. मुलगी अठराच्या आतली असेल आणि विकून, फसवून किंवा पळवून तिचं लग्न लावलं असेल, तर बालविवाह प्रतिबंध अधिनियम २००६ च्या कलम १२ प्रमाणे ते लग्न मुळातच रद्दबातल आहे, झालंच नाही असं धरायचं. ग्रामीण भागात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक. त्यामुळे "हे माझं काम नाही" असं ते म्हणू शकत नाहीत.

मुलगी सज्ञान असेल तर फसवणूक किंवा बळजबरीच्या कारणावर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ खाली लग्न रद्द करून घेता येतं. मात्र बळजबरी संपल्यापासून किंवा फसवणूक कळल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. घरचे लोक इथं वेळ घालवतात. "बघू, जावई सुधरेल" म्हणत दिवाळी जाते, मग दुसरी दिवाळी येते आणि मुदत निघून जाते. दलाल, पैसे घेणारा आणि पैसे देणारा यांच्यावरच्या फौजदारी गुन्ह्याचा या मुदतीशी संबंध नाही, तो वेगळा चालतो.

तक्रार द्यायला किती पैसे लागतात, आणि कोणत्या ठाण्यात?

एक रुपयाही लागत नाही, आणि जवळच्या कोणत्याही ठाण्यात देता येते. घटना खम्ममला घडली असली तरी सिरोंच्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १७३ मध्ये ही सोय आहे. तोंडी सांगितलेलं पोलिसांनी लिहून घ्यायचं, वाचून दाखवायचं आणि एफआयआरची प्रत मोफत द्यायची. ऑनलाइन कळवलं तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते.

कलम १४३ किंवा १४४ (तस्करी करून आणलेल्या माणसाचं शोषण) ची खबर नोंदवून न घेणाऱ्या पोलीस कर्मचाऱ्यासाठी न्याय संहितेच्या कलम १९९ मध्ये सहा महिने ते दोन वर्षांची सक्तमजुरी आहे. हे ओरडून सांगायची गरज नाही. अर्जाच्या शेवटच्या ओळीत शांतपणे लिहिलं तरी काम होतं.

हरवलेलं मूल अठराच्या आतलं असेल तर 'मिसिंग'ची नुसती नोंद पुरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बचपन बचाओ आंदोलनाच्या खटल्यात सांगितलं की अशी तक्रार अपहरण किंवा तस्करीचा गुन्हा म्हणूनच नोंदवायची. चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर तपास जिल्ह्याच्या अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाकडे जातो.

पोलीस म्हणतात, परराज्यात जायचं तर गाडी आणि डिझेलची सोय तुम्ही करा.

करायची नाही. तपासाचा प्रवासखर्च राज्याचा असतो. तरीही मुलीच्या बापाने शेळ्या विकून जीप भाड्याने केल्याचे किस्से विदर्भातल्या कुठल्याही तालुक्यात ऐकायला मिळतील. बापाला आपली मुलगी हवी असते, त्यामुळे तो वाद घालत नाही आणि नेमकं तिथंच त्याला गाठलं जातं. असं झालं तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा, प्रत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला द्या. पैसे आधीच गेले असतील तर गाडीवाल्याची पावती जपून ठेवा. नुकसानभरपाईच्या अर्जात हा खर्च दाखवता येतो.

सुटका झाल्यावर सगळ्यात आधी काय मिळवायचं?

कागद. घरी घेऊन यायची घाई समजण्यासारखी आहे, पण कागद न घेता आणलेल्या माणसाला पुढे काहीच मिळत नाही. या पानावरच्या बाकीच्या सगळ्या गोष्टी याच एका मुद्द्यावर अवलंबून आहेत.

कोणता कागद, ते प्रकरणावर ठरतं. वेठबिगार, म्हणजे कर्ज किंवा उचलीपोटी राबवून घेतलेला मजूर असेल तर मुक्ती प्रमाणपत्र. वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम १९७६ खाली जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय अधिकारी ते देतात, आणि जिथून सुटका झाली तिथल्या अधिकाऱ्यांनी द्यायचं असतं. देहविक्रयातून सुटलेली बाई असेल तर एफआयआरची प्रत आणि दंडाधिकाऱ्यांचा आदेश. मूल असेल तर बाल कल्याण समितीचा आदेश.

उदाहरण घेऊ. समजा, पांढरकवडा तालुक्यातलं एक कोलाम जोडपं तेलंगणातल्या वीटभट्टीवर अडकलं होतं. तिथल्या महसूल अधिकाऱ्यांनी धाड घातली, जोडपं सुटलं. भट्टीमालकाने समजूतदारपणाचा आव आणून गाडीभाडं दिलं आणि "जा बाबा घरी" म्हणाला. अधिकाऱ्यांनीही पंचनामा आटोपता घेतला. जोडपं तिसऱ्या दिवशी गावात पोचलं. आता यवतमाळचं जिल्हाधिकारी कार्यालय विचारणार की वेठबिगार होता याचा पुरावा काय? तो पुरावा तयार व्हायचा होता भट्टीवर, त्याच दिवशी.

प्रमाणपत्र मिळालं तरी तिथंच उभं राहून ते वाचून घ्या. तेलुगूत असेल तर वाचणारा शोधा. आडनाव आत्राम असेल तर आपल्याकडच्या आधारवर 'टी' असतो, तिकडचा कारकून 'टी'पुढे 'एच' लावतो. हा एक 'एच' पुढे बँकेत पैसे अडकवतो. नाव, वय, गाव, तालुका आणि मालकाचं नाव आधारशी जुळतंय का, किती दिवस काम केलं आणि उचल (आगाऊ रक्कम) किती घेतली होती ते लिहिलंय का, गोल शिक्का आणि जावक क्रमांक आहे का, एवढं बघा. नवरा-बायकोचं मिळून एकच प्रमाणपत्र घेऊ नका. प्रत्येकाचं वेगळं हवं, कारण मदत माणशी असते. कुटुंबामागे एक असा हिशेब नसतो.

वेठबिगारीतून सुटलेल्याला किती मदत मिळते?

केंद्र सरकारची पुनर्वसन योजना आहे. तिच्यात तीन पायऱ्या आहेत. सज्ञान पुरुषाला १ लाख. स्त्रिया, मुलं आणि अनाथांना २ लाख. देहविक्रयासारख्या लैंगिक शोषणातून सुटलेल्या स्त्रिया-मुलं, तृतीयपंथी आणि दिव्यांग व्यक्तींना ३ लाख. सगळी रक्कम रोख हातात पडत नाही. योजनेच्या मूळ रचनेप्रमाणे २ लाखांपैकी किमान १ लाख २५ हजार आणि ३ लाखांपैकी किमान २ लाख ठेवीत जातात, बाकीचे खात्यात येतात. यावर लोक चिडतात. पण सावकार दारात बसलेला असताना सगळी रक्कम खात्यात आली तर ती संध्याकाळपर्यंत टिकत नाही, हेही तितकंच खरं.

खरी अडचण दुसरीकडे आहे. पूर्ण मदत मालकावरचा गुन्हा शाबीत होण्याशी जोडलेली आहे. खटला कधी संपणार, साक्षीदार कुठून येणार, मालक दुसऱ्या राज्यातला. यात वर्षं जातात. माझ्या मते ही अट म्हणजे मजुराला दुसऱ्यांदा मालकाच्या हाती देणं आहे. मालकाने तारखा लांबवल्या की मजुराची मदत आपोआप लांबते. १९७६ च्या वेठबिगार कायद्याच्या कलम २१ प्रमाणे कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना संक्षिप्त पद्धतीने खटला चालवता येतो, म्हणून निदान तशी मागणी लेखी करून ठेवावी.

तातडीच्या मदतीला मात्र ही अट नाही. खटल्याचं काहीही होवो, जिल्हा प्रशासन ३० हजार रुपयांपर्यंत लगेच देऊ शकतं. त्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे किमान १० लाखांचा वेठबिगार पुनर्वसन निधी कायम ठेवायचा असतो. "निधी नाही" असं उत्तर आलं तर तो आकडा सांगा. रोख पैशांशिवाय घरकुल, रेशन, मुलांचं शिक्षण, बुडालेली किमान मजुरी यांचीही तरतूद आहे, आणि ती मागितल्याशिवाय कुणी समोर आणत नाही.

उचल घेतली होती. ती फेडायची का?

नाही. वेठबिगार ठरला की ते कर्ज कायद्यानेच संपलं. नंतर ते वसूल करणाऱ्याला त्याच वेठबिगार कायद्याच्या कलम ९ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुकादम गावातलाच, कधीकधी भावकीतलाच असतो, म्हणून लोक गुपचूप फेडत राहतात. दारात येऊन बसला तर पोलीस पाटलांना बोलवा आणि तारीख-वार लिहून ठेवा.

उचल नाही पण किमान वेतनापेक्षा कमी मजुरी दिली असेल तर? सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये, दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात, त्यालाही सक्तीचं काम म्हटलं आहे. संविधानाच्या अनुच्छेद २३ चाच तो भंग.

सरकारी नुकसानभरपाई वेगळी असते का?

असते, आणि ती आरोपी सापडण्यावर अवलंबून नाही. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९६ बघा. आरोपीचा पत्ता लागला नाही, खटला उभाच राहिला नाही, तरी पीडित स्वतः जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करू शकते. प्राधिकरणाने दोन महिन्यांत चौकशी संपवायची असते. तोवर अंतरिम मदत मागता येते. ठाणे प्रभारी किंवा दंडाधिकारी यांचा दाखला जोडला तर मोफत उपचाराचाही आदेश निघतो. केंद्रीय पीडित नुकसानभरपाई निधीच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत तस्करीतून सुटलेल्या व्यक्तीच्या पुनर्वसनासाठी किमान १ लाख रुपये धरले आहेत.

बलात्कार किंवा बालकावरचा लैंगिक अत्याचार झालेला असेल तर राज्याची मनोधैर्य योजना आहे. ती २०१३ मध्ये सुरू झाली, आता मदत १० लाखांपर्यंत जाऊ शकते. तोही अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडेच. एफआयआर लिहिताना फक्त "फूस लावून नेले" एवढंच नोंदवलं आणि अत्याचाराचं कलम लागलं नाही, तर मनोधैर्यचा अर्ज तिथंच अडतो. जबाबाच्या वेळी सगळं सांगता आलं नसेल तर पुरवणी जबाब देता येतो.

आम्ही आदिवासी आहोत. आणखी काही मिळतं?

अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला बिगर अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीने वेठीला धरलं असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ लागतो. त्याच्या नियमांत गुन्ह्याप्रमाणे ८५ हजारांपासून ८ लाख २५ हजारांपर्यंत अर्थसहाय्य आहे, टप्प्याटप्प्याने. बऱ्याच गुन्ह्यांत पहिला हप्ता एफआयआरनंतरच देय होतो, म्हणजे निकालाची वाट बघावी लागत नाही. अर्ज समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे. जातीचा दाखला नसेल तर तो काढायला आजच सुरुवात करा. वेळ यातच जातो.

दवाखान्याचं बिल?

बलात्कार, ॲसिड हल्ला आणि पॉक्सोच्या (बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) प्रकरणांत सरकारी काय आणि खासगी काय, प्रत्येक रुग्णालयाने मोफत आणि तात्काळ उपचार द्यायचे आहेत. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९७. आधी पोलीस केस करून या, असं म्हणून परत पाठवता येत नाही. उलट रुग्णालयानेच पोलिसांना कळवायचं असतं. बाकी प्रकरणांत ग्रामीण रुग्णालय किंवा जिल्हा सामान्य रुग्णालय. भट्टीवर काम केलेल्या माणसाची क्षयाची तपासणी करून घ्या.

वकील लावायला ऐपत नाही.

लागत नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ मध्ये तस्करी आणि वेठबिगारीच्या पीडितांचा स्पष्ट उल्लेख आहे, स्त्रिया आणि मुलांचाही. उत्पन्नाचा दाखला मागण्याचं कारण नाही. तालुका न्यायालयाच्या आवारात तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. फोनवर विचारायचं असेल तर १५१००.

घरी परत जायचं नाही किंवा जाता येत नाही. मग राहायचं कुठं?

जिल्ह्याच्या ठिकाणी सखी केंद्र असतं. तिथं पाच दिवसांपर्यंत राहता येतं, आणि दवाखाना, पोलीस, वकील, समुपदेशन या चारही गोष्टी एका छताखाली मिळाव्यात अशी रचना आहे. त्यापुढच्या मुक्कामासाठी शक्ती सदन. पूर्वी तस्करीतल्या स्त्रियांसाठी उज्ज्वला आणि निराधार स्त्रियांसाठी स्वाधार अशी वेगळी गृहं होती, ती मिशन शक्तीत एकत्र केली. राहणं, जेवण, कपडे, औषधं यांचे पैसे घेत नाहीत.

कागदावर हे चांगलं दिसतं. सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटर आहे, धारणीहून अमरावती घाट उतरून जवळपास दीडशे. सखी केंद्र जिल्ह्याला एक आणि एसटी दिवसातून मोजक्या, अशा हिशेबात तालुक्याच्या बाईला पहिली रात्र बहुधा ठाण्याच्या बाकावर काढावी लागते. १८१ (महिला हेल्पलाइन) किंवा ११२ (पोलीस) वर फोन करून वाहन मागा, आणि स्त्रीला रात्री ठाण्यात ठेवू नका असा आग्रह धरा.

आश्रमात राहायची सक्ती करतात का?

सज्ञान स्त्रीवर तिच्या मर्जीविरुद्ध सक्ती करू नये, अशीच न्यायालयांची दिशा आहे. पिटा कायद्यात, म्हणजे १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यात, दंडाधिकारी तिला संरक्षण गृहात ठेवण्याचा आदेश देऊ शकतात. पण २०२२ मध्ये बुद्धदेव कर्मास्कर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना अशा गृहांची पाहणी करायला सांगितलं, आणि मर्जीविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान स्त्रियांची प्रकरणं ठरावीक मुदतीत निकाली काढून त्यांना सोडायला सांगितलं. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना राहण्याचा पुरावा नसतानाही आधार मिळावं, हेही त्याच आदेशात आहे.

नागपुरात २०२१ च्या ऑगस्टमध्ये गंगा-जमुना ही देहविक्रयाची वस्ती पोलिसांनी बंद केली, तेव्हा हा वाद विदर्भाने जवळून पाहिला. अल्पवयीन आणि फसवून आणलेल्या मुली बाहेर काढायलाच हव्यात, यात दुमत नव्हतं. पण स्वतःच्या कमाईवर घर चालवणाऱ्या सज्ञान बायांचं काय, त्यांच्या मुलांच्या शाळेचं काय, याचं उत्तर बॅरिकेडने मिळत नाही.

मूल अठराच्या आतलं असेल तर?

चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीसमोर हजर करायचं. पुढचं सगळं समिती ठरवते. पालकांकडे द्यायचं की बालगृहात ठेवायचं, हेही. समिती लगेच ताबा देत नाही म्हणून पालक चिडतात. पण ज्याने मुलाला पाठवलं तो घरातलाच असू शकतो, म्हणून घरची चौकशी आधी होते. बालकामगार असेल तर मालकाच्या दंडाची रक्कम आणि सरकारचे १५ हजार रुपये मुलाच्या नावाने पुनर्वसन निधीत जमा व्हायचे असतात. फोन १०९८.

घरी आल्यावर दरमहा काही मिळतं का?

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत वेश्या व्यवसायातून मुक्त झालेली स्त्री आणि अत्याचारित स्त्री हे स्वतंत्र गट आहेत. दरमहा १,५०० रुपये, वार्षिक उत्पन्नाची अट २१ हजार. अर्ज तहसीलमध्ये. मात्र तेवढेच पैसे दुसऱ्या सरकारी योजनेतून मिळत असतील तर लाडकी बहीणचा हप्ता बंद होतो, दोन्ही एकदम घेता येत नाहीत. मुलांसाठी सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, त्यात मुलामागे महिन्याला २,२५० रुपये.

एक व्यवहारातली गोष्ट. निराधारच्या यादीवर गट कोणता ते लिहिलेलं असतं आणि यादी चावडीवर लागू शकते. विधवा किंवा परित्यक्ता म्हणून ती स्त्री पात्र असेल तर त्या गटातून अर्ज करणं कित्येकींना सोयीचं वाटतं. ठरवू द्या तिला.

रेशन कार्डावरून नाव कापलं गेलं असेल तर ते परत चढवून घ्या. ई-श्रम आणि रोजगार हमीचं जॉबकार्डही बघा.

हा सगळा पैसा येतो कुठून? लोक म्हणतात, आपल्या कराच्या पैशावर यांचे लाड.

वेठबिगार पुनर्वसनाचे रोख पैसे पूर्णपणे केंद्राचे. सखी केंद्र आणि १८१ हेही केंद्राच्या निधीवर. शक्ती सदनाचा खर्च केंद्र ६० टक्के, राज्य ४० टक्के. पीडित नुकसानभरपाई आणि मनोधैर्य राज्याच्या तिजोरीतून. जिल्ह्याजिल्ह्यांत मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्ष उभारायला निर्भया निधीतून पैसा गेला, तो निधी २०१३ मध्ये १ हजार कोटींनी सुरू झाला होता.

आता लाडांचं. एखादी बाई वीटभट्टीवर दोन हंगाम फुकट राबली तर तिची बुडालेली किमान मजुरीच मोजा. ती मालकाच्या खिशात गेली आणि त्याची वीट स्वस्त पडली. ती वीट सरकारी बांधकामाला लागली असेल तर आपणही त्यातले लाभार्थी. शिवाय मजुरी, किमान वेतन आणि दक्षता समित्या यांच्यावर देखरेख ठेवणं राज्याचं काम होतं. ते झालं नाही म्हणून ही वेळ आली. १९७६ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक जिल्हा आणि उपविभागात दक्षता समिती हवी. तुमच्या उपविभागाच्या समितीची शेवटची बैठक कधी झाली, हे माहितीच्या अधिकारात विचारून बघा. उत्तर वाचून करदात्याचा राग योग्य ठिकाणी वळेल.

साक्षीला दुसऱ्या जिल्ह्यात किंवा राज्यात जायचं तर खर्च?

फौजदारी खटल्यातल्या साक्षीदाराचा वाजवी खर्च न्यायालय सरकारकडून देववू शकतं, नागरिक सुरक्षा संहिता कलम ३५०. अत्याचार प्रतिबंधक नियमांत तर पीडित, साक्षीदार आणि सोबतच्या माणसाचा प्रवास आणि भत्ता द्यायचाच आहे. साक्ष झाल्याबरोबर न्यायालयातच मागा, दुसऱ्या दिवशी कुणी ओळखत नाही. आता व्हिडिओवरूनही साक्ष घेता येते, म्हणजे जयपूरच्या खटल्याची साक्ष गोंदियाच्या न्यायालयात बसून देता येऊ शकते. तसा अर्ज सरकारी वकिलांमार्फत करावा. धमक्या येत असतील तर साक्षीदार संरक्षण योजना २०१८ खाली जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे अर्ज.

पोरगा परदेशात 'डेटा एंट्री'च्या नोकरीला गेला आणि अडकला.

कंबोडिया-म्यानमारकडच्या ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांत भारतीय तरुणांना डांबल्याची प्रकरणं घडली आहेत. तीही तस्करीच. प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल फ्री नंबर १८००-११-३०९०. परतीच्या तिकिटाला पैसे नसतील तर वकिलातीकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो. इथल्या एजंटवर गुन्हा आपल्या ठाण्यातच नोंदवा. नोंदणीकृत एजंटला ३० हजार आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही.

पेपरात नाव येईल का?

लैंगिक गुन्ह्यात पीडितेचं नाव किंवा ओळख उघड करणं हाच गुन्हा आहे, न्याय संहिता कलम ७२. मुलांच्या बाबतीत पॉक्सो आणि बाल न्याय कायदा. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपलाही तो लागू होतो. तिथं फोटो टाकणाऱ्याला हे कळवा.

हंगामाला निघण्याआधी गावात काय करता येईल?

अंगणवाडीत स्थलांतराची नोंद करा. त्यासाठी राज्याची ट्रॅकिंग प्रणाली आहे, ती आधी चंद्रपूर जिल्ह्यात राबवली गेली. मुकादमाचं पूर्ण नाव, मोबाइल नंबर, गाडीचा नंबर आणि जायचं ठिकाण वहीत असू द्या. गाडीचा एक फोटो निघतानाच काढून ठेवला की पुढे पोलिसांचं अर्धं काम होतं.

अर्ज देऊन वर्ष झालं, काहीच हालचाल नाही.

पोच आहे का? नसेल तर आधी नव्याने अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. असेल तर माहिती अधिकारात तीन गोष्टी विचारा: अर्ज आत्ता कोणाच्या टेबलावर आहे, कोणत्या तारखेपासून, आणि कोणत्या कागदासाठी थांबला आहे. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, तिथं तेच उत्तर जोडून अर्ज ठेवा. नुकसानभरपाईचा अर्ज अडला असेल तर राज्य विधी सेवा प्राधिकरणाकडे दाद मागता येते, आणि त्याच्याही पुढे उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ आहे. वकील तिथंही मोफतच मिळतो, उच्च न्यायालय विधी सेवा समितीकडून. जाताना मुक्ती प्रमाणपत्राची मूळ प्रत कुणाच्याही हाती देऊ नका, झेरॉक्स द्या.